आम्स्टरडॅम : एका पातळीवर राखलेले शहर

आम्स्टरडॅमला विमानाने जाणारा प्रवासी स्खिपोल विमानतळावर ज्या जमिनीवर उतरतो, ती समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार मीटर खाली असून १८५२ पर्यंत हार्लेमरमेर नावाच्या विस्तीर्ण सरोवराचा तळ होती. वाफेवर चालणाऱ्या तीन उपसा केंद्रांनी सुमारे तीन वर्षे पाणी उपसून हे सरोवर कोरडे केले आणि तेथे आधी शेते, मग गावे व पुढे विमानतळ वसला. तेथून रेल्वेने शहराच्या मध्यवर्ती स्थानकावर पोहोचायला पाऊण तासही लागत नाही, पण हे स्थानकही नैसर्गिक जमिनीवर उभे नाही. एय नावाच्या खाडीत वाळू टाकून तयार केलेल्या कृत्रिम बेटांवर, ८,६८७ लाकडी खांबांच्या आधाराने ते बांधले गेले आणि १८८९ मध्ये खुले झाले. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात बहुतेक प्रवासी तासाभराची नौकाफेरी घेतात, राइक्स संग्रहालयात रेम्ब्रांटची चित्रे पाहतात, ॲन फ्रँकचे घर पाहतात आणि कालव्याकाठच्या उंच, अरुंद घरांची छायाचित्रे काढतात. हा कार्यक्रम चुकीचा नाही. परंतु ज्याला हे कालवे शोभेसाठी खणलेले वाटतात, त्याच्या हाती या शहराचा सर्वांत मोलाचा भाग येत नाही. आम्स्टरडॅमचे सौंदर्य पाण्याची पातळी राखण्याच्या, मऊ जमिनीवर वजन पेलण्याच्या आणि माल दारापर्यंत आणण्याच्या गरजांतून घडले आहे, आणि या तीन गरजा ध्यानात ठेवून पाहिले, तर थोड्या वेळातही शहर बरेच उलगडते.

या प्रदेशाची मूळ जमीन पीट या प्रकारची, म्हणजे शतकानुशतके पाण्यात साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ, ओथंबलेल्या थराची आहे. मध्ययुगातील शेतकऱ्यांनी तीत चर खणून पाणी काढून दिले, तेव्हा सुरुवातीला चांगली शेते मिळाली. पण पाणी गेल्यावर पीटला हवा लागते, ती वेगाने कुजते, आकसते आणि जमीन खाली बसते, म्हणून पुन्हा खोल चर खणावे लागतात आणि जमीन आणखी खचते. अशा रीतीने जी भूमी एके काळी आजूबाजूच्या पाण्याहून उंच होती, ती काही पिढ्यांत त्याच्या खाली गेली, आणि बाराव्या-तेराव्या शतकांत उत्तरेकडील झायडरझी हा समुद्राचा फाटा वादळांमुळे रुंदावत गेल्यावर भरतीचे पाणी थेट वस्त्यांच्या दारात येऊ लागले. कोकणात खाडीकाठच्या शेतांत खारे पाणी शिरू नये म्हणून जे खारबांध घातले जातात, त्याच जातीचे पण पुढे कितीतरी मोठे झालेले बांध येथे उभे राहिले, आणि आम्स्टल नदी एय खाडीला मिळते तेथे तेराव्या शतकात नदीच्या मुखावरच एक बंधारा घालण्यात आला. या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या लोकांना हॉलंडचा सरंजामी अधिपती काउंट फ्लोरिस पाचवा याने २७ ऑक्टोबर १२७५ च्या सनदेने जकातीतून सूट दिली. शहराचा सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच. बंधाऱ्याने समुद्राचे पाणी अडवले आणि त्याबरोबर समुद्रातून येणारी जहाजेही थांबवली, त्यामुळे तेथे माल उतरवून नदीच्या होड्यांत भरणे भाग पडले आणि त्या चढउतारीतून बाजार उभा राहिला. आज दाम चौक म्हणून ओळखली जाणारी मोकळी जागा म्हणजे तोच बंधारा होय.

बाल्टिक समुद्राकडून येणारे धान्य आणि लाकूड, तसेच उत्तर समुद्रातील हेरिंग मासळी यांच्या व्यापारावर हे बंदर वाढत होते, तोच १५८५ मध्ये स्पेनच्या सैन्याने अँटवर्प जिंकले आणि तेथील व्यापारी, कारागीर व भांडवल मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे आले. त्या सुमारास जेमतेम ३०,००० असलेली आम्स्टरडॅमची लोकसंख्या पुढच्या शंभर वर्षांच्या आतच दोन लाखांच्या आसपास गेली. एवढी माणसे जुन्या तटबंदीत मावणे अशक्य होते, म्हणून नगरपरिषदेने शहराभोवती मोठा नवा तट आणि त्याच्या आत नियोजित वस्ती करण्याचे ठरवले व १६१३ मध्ये कामाला सुरुवात झाली. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मुख्य कालवे (ग्राख्त म्हणजे शहरातला कालवा) जुन्या शहराला अर्धवर्तुळाकार वेढत समांतर खणले गेले. त्यांतील कायझर्सग्राख्त सर्वांत रुंद, सुमारे २८ मीटर, आहे. नकाशावर ही तिन्ही अर्धवर्तुळे एका दमात काढल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात पश्चिमेकडचा भाग आधी झाला, मग काम थांबले, आणि १६५८ नंतर दुसऱ्या टप्प्यात कालवे आम्स्टल नदीपर्यंत व तिच्या पलीकडे नेण्यात आले. १६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि त्यांच्या मित्रांनी डच प्रजासत्ताकावर एकदम चढाई केली, तेव्हा जमिनीचे गिऱ्हाईकच उरले नाही आणि नदीच्या पूर्वेकडील बरीचशी जागा बागांसाठी सोडून द्यावी लागली. आजही त्या बाजूला घरांची दाटी कमी होते आणि वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय लागते, त्याचे कारण हे आहे. २०१० मध्ये हा सर्व कालवेपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

या नियोजनाची स्तुती करणाऱ्या पुस्तकांत एक गोष्ट पुरेशा स्पष्टपणे येत नाही. नवा तट कोठून जाणार हे आधीच ठाऊक असलेल्या काही नगरपित्यांनी तेथील जमिनी स्वस्तात घेऊन ठेवल्या होत्या आणि त्यांच्या नफेखोरीवर त्या काळीही टीका झाली होती. कालवे खणून निघालेली माती मुख्य कालव्यांच्या काठचे भूखंड उंच करण्यासाठी वापरली गेली आणि ते भूखंड श्रीमंतांना विकले गेले. पश्चिमेकडील योर्दान या भागात मात्र, जेथे विणकर, चांभार, रंगारी व इतर कष्टकरी राहायचे होते, तेथे जमीन उंच केली नाही आणि शेतांतील जुने चरच थोडे रुंद करून त्यांचे कालवे बनवले. म्हणून प्रिन्सेनग्राख्त ओलांडताच रस्त्यांची दिशा तिरपी होते. पायी चालणाऱ्या प्रवाशाला हा बदल सहज जाणवतो, आणि शहराने कोणावर किती खर्च केला याची ती जमिनीवर उमटलेली नोंद आहे.

अशा जमिनीवर विटांची चार-पाच मजली घरे कशी उभी राहिली, हा पुढचा प्रश्न. पीट आणि चिकणमातीच्या थरांखाली सुमारे बारा मीटर खोलीवर वाळूचा पहिला भक्कम थर लागतो. त्या थरापर्यंत स्प्रूस, पाइन अशा सूचिपर्णी वृक्षांचे सरळ खांब उलटे, म्हणजे बारीक टोक खाली करून, ठोकले जात. जड लोखंडी किंवा लाकडी ठोकळा दोरांनी वर ओढून खांबाच्या डोक्यावर आपटायचा, असे ते काम माणसांच्या टोळ्या एका तालात करीत. खांब ठोकून झाले की त्यांची डोकी एका पातळीवर कापून त्यांवर आडव्या तुळया व जाड फळ्या टाकल्या जात आणि त्यावर विटांची भिंत चढे. यात सर्वांत महत्त्वाची अट अशी की, हे सगळे लाकूड कायम पाण्याच्या पातळीखाली राहिले पाहिजे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. भूजलात बुडालेल्या लाकडापर्यंत तो पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यातला खांब शतकानुशतके टिकू शकतो, पण पाणी हातभर खाली गेले आणि खांबांची डोकी उघडी पडली, तर काही वर्षांतच ती सडू लागतात. जे लाकूड पाण्यामुळे नासेल असे सामान्यतः वाटते, ते येथे पाण्यामुळेच वाचते.

दाम चौकातील राजवाडा या पद्धतीचे सर्वांत भव्य उदाहरण आहे. मुळात तो राजवाडा नव्हता. नेदरलँड्सला स्वातंत्र्याची मान्यता मिळवून देणारा म्युन्स्टरचा तह झाला, त्या १६४८ मध्ये शहराने आपल्या नव्या नगरभवनाचे बांधकाम सुरू केले, वास्तुकार याकोब फान काम्पेन याने त्याचा आराखडा केला आणि १६५५ मध्ये ते वापरात आले. एवढी मोठी दगडी इमारत पेलण्यासाठी १३,६५९ खांब ठोकले गेले. वर्षाचे ३६५ दिवस, त्यांच्या आधी १ आणि नंतर ९, अशी ही संख्या तेथील शाळकरी मुले पाठ करतात. व्यापाऱ्यांच्या प्रजासत्ताकाने राजासाठी नव्हे तर आपल्या नगरसभेसाठी, न्यायासनासाठी आणि पेढीसाठी इतका खर्च केला, ही त्या काळच्या युरोपात विरळा घटना होती. १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई बोनापार्ट हॉलंडचा राजा म्हणून तेथे राहायला आला, तेव्हापासून ती वास्तू राजवाडा झाली. आत शिरल्यावर मोठ्या दालनाच्या संगमरवरी फरशीत जगाचे नकाशे कोरलेले दिसतात. प्रवाशाकडे एकाच वास्तूच्या अंतर्भागासाठी वेळ असेल, तर तो येथे द्यावा.

खांबांची डोकी कोरडी पडू नयेत, तसेच तळघरांत पाणी शिरू नये, यासाठी कालव्यांचे पाणी एका ठरावीक उंचीवर राखावे लागते, आणि उंची राखायची तर ती मोजण्यासाठी सर्वांना मान्य असलेला एक शून्यबिंदू हवा. तो देण्याचे श्रेय योहानेस हुडे या महापौराकडे जाते. हुडे मूळचा गणितज्ञ, बहुपदींच्या समीकरणांवर त्याने महत्त्वाचे काम केले होते आणि पुढे तो अनेक वेळा शहराचा महापौर झाला. १६७५ च्या पुरानंतर बांध उंच करण्यात आले, तेव्हा त्याच्या पुढाकाराने एय खाडीतील भरतीच्या पाण्याची नोंद घेऊन शहराची पातळी निश्चित करण्यात आली, आणि १६८०च्या दशकात जलद्वारांच्या भिंतींत आठ संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. प्रत्येक पाटीवर एक आडवी खाच असून बांधाची उंची शहराच्या पातळीपेक्षा नऊ फूट पाच इंच वर असल्याचे कोरलेले होते. त्या काळचे डच माप धरले, तर ही उंची सुमारे २.६७ मीटर भरते. आठांपैकी एकच पाटी आता जागेवर आहे. मध्यवर्ती स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, हार्लेमरस्ट्राट ज्या पुलावरून कालवा ओलांडते त्या एनहोर्न जलद्वारात ती दिसते, पण नौकाफेऱ्यांतील निवेदनात तिचा उल्लेख क्वचितच होतो. हुडेच्या या पातळीपासून पुढे सर्व नेदरलँड्सची प्रमाण शून्यपातळी ठरली, नंतर जर्मनीने ती स्वीकारली आणि युरोपच्या सामाईक उंचीमापनाचा आधारही तीच झाली. एका शहराने आपल्या बांधांच्या काळजीपोटी केलेली नोंद पुढे खंडाची मोजपट्टी झाली, ही गोष्ट नगरशासनाच्या इतिहासात फार थोर आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

नगरभवन आणि संगीतनाट्यगृह एकत्र असलेल्या वॉटरलोप्लाइनवरील इमारतीत हा शून्यबिंदू एका कांस्य खिळ्याच्या रूपाने प्रवाशांना पाहता येतो. शेजारी पाण्याने भरलेले पारदर्शक स्तंभ आहेत. त्यांतील दोन किनाऱ्यावरील समुद्राची त्या क्षणाची पातळी दाखवतात, आणि तिसरा १९५३ च्या महापुरातील सुमारे साडेचार मीटरची पातळी दाखवतो, ज्या पुरात देशाच्या नैर्ऋत्य भागात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. शहरातील मुख्य कालव्यांचे पाणी या शून्यापेक्षा ४० सेंटिमीटर खाली राखले जाते. भरती, पाऊस, नदीचा प्रवाह काहीही असो, जलद्वारे उघडून-मिटून आणि उपसा यंत्रे चालवून ही पातळी सांभाळली जाते. जेथे दोन बाजूंच्या पाण्याची उंची वेगळी असते, तेथे नौका पार करण्यासाठी जलपाश असतो, म्हणजे दोन दारांमधील पाण्याची कोठी. नौका तीत शिरली की मागचे दार मिटते, कोठीतील पाणी हळूहळू पुढच्या पाण्याच्या उंचीला आणले जाते आणि मग पुढचे दार उघडते.

पातळी राखण्याची एक जबर किंमतही होती. पाणी कोंडले की ते सडते, आणि सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरांची घाण, कत्तलखान्यांचे व रंगाऱ्यांच्या कारखान्यांचे सांडपाणी याच कालव्यांत जात असे, त्यामुळे उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढे की धनिक कुटुंबे फेख्त नदीकाठच्या आपल्या उद्यानगृहांत राहायला जात. हेरेनग्राख्तच्या वैभवाचे वर्णन करताना हा वास विसरला जातो. भरतीचे पाणी आत घेऊन ओहोटीला सोडणे हा त्यावरचा जुना उपाय होता. परंतु १८७२ मध्ये एय खाडीच्या पूर्व टोकाला ओरान्ये जलपाश बांधून ती झायडरझीपासून तोडली गेली, तेव्हा भरती-ओहोटीचा आधार संपला आणि १८७९ पासून झेबुर्ख येथील वाफेच्या उपसा केंद्राने पाणी खेळते ठेवण्याचे काम हाती घेतले. पुढे १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने झायडरझी समुद्रापासून बंद झाली आणि तिचे गोडे सरोवर बनले. आता ठरावीक रात्री काही जलद्वारे मिटून त्या सरोवराचे ताजे पाणी कालव्यांतून फिरवले जाते. कालव्यांचे पाणी पिण्याजोगे मात्र राहिले नव्हते. पाण्याने वेढलेले हे शहर पिण्यासाठी पावसाच्या टाक्यांवर आणि फेख्त नदीतून पाणी आणणाऱ्या होड्यांवर अवलंबून होते, हिवाळ्यात नदी गोठली की घोड्यांच्या रांगांनी बर्फफोड्या नौका ओढून त्यांची वाट मोकळी करावी लागे, आणि १८५३ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांतून नळाने आणलेले पाणी वेशीवर बादलीला एक सेंट दराने विकले जाऊ लागले, तेव्हा कोठे ही अवस्था पालटू लागली.

कालव्याकाठची घरे अरुंद का, याचे उत्तर म्हणून घरपट्टी दर्शनी रुंदीवर असे, एवढेच वाटाडे सांगतात. पण एवढ्याने उलगडा होत नाही. पाण्याला लागून असलेला काठ हा व्यापाऱ्यासाठी धक्काच होता, माल तेथेच उतरे, म्हणून त्या काठाचा प्रत्येक फूट महाग होता आणि भूखंड रुंदीला कमी, खोलीला जास्त असे आखले गेले. शिवाय मजल्यांच्या तुळया एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत जात, त्यामुळे मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीनेही रुंदीवर मर्यादा घातली. पोटमाळा आणि वरचे मजले कोठारासाठी वापरले जात. जिने इतके उभे आणि चिंचोळे असतात की त्यांवरून पेटारा चढवणे अशक्य, म्हणून जवळजवळ प्रत्येक घराच्या शिखराजवळ बाहेर डोकावणारी एक तुळई व तिच्या टोकाला आकडा दिसतो. त्यात कप्पी अडकवून दोराने माल वर घेतला जाई, आणि घर बदलताना कपाटे, पियानो आजही पुष्कळदा असेच खिडकीतून आत जातात. अनेक घरांची दर्शनी भिंत रस्त्याकडे किंचित झुकलेली असते. हा झुकाव बहुधा मुद्दाम दिलेला असतो, कारण त्यामुळे वर जाणारा माल भिंतीला घासत नाही आणि पावसाचे पाणी दर्शनी भागावरून कमी ओघळते. डावी-उजवीकडे कललेली घरे मात्र वेगळी. त्यांच्या खालचे खांब असमान खचलेले असतात.

उतरत्या छपराचे पुढचे टोक झाकणाऱ्या शीर्षभिंतीच्या आकारावरून घराचा काळ साधारण ओळखता येतो. पायऱ्यापायऱ्यांची शीर्षभिंत सतराव्या शतकाच्या आरंभीची, मधे उंच मानेसारखा भाग आणि दोन्ही बाजूंना नक्षी असलेली त्या शतकाच्या मध्यानंतरची, घंटेच्या आकाराची त्याहून उशिराची. हेरेनग्राख्तवर लाइडसेस्ट्राट आणि फाइझलस्ट्राट यांच्या दरम्यान, ज्या भागाला सोनेरी वळण म्हटले जाते, तेथे धनिकांनी दोन-दोन भूखंड एकत्र घेऊन रुंद, सपाट माथ्याची घरे बांधली. या घरांच्या मागे खोल बागा आहेत. त्यांत बांधकाम करण्यास शहराने सतराव्या शतकापासूनच बंदी घातली आणि ती बंदी आजवर पाळली गेल्याने विटांच्या दाट रांगांमागे हिरवा पट्टा शिल्लक राहिला. रस्त्यावरून तो दिसत नाही. जूनमध्ये काही दिवस यांतल्या बऱ्याच बागा लोकांसाठी उघडतात.

हा पैसा आला कोठून, हे पाहिल्याशिवाय सोनेरी वळण पाहणे अपुरे आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी आम्स्टरडॅमची शाखा सर्वांत मोठी होती आणि क्लोफेनिर्सबुर्खवाल या कालव्यावरील तिची इमारत आज विद्यापीठाकडे आहे. मिरे, जायफळ, लवंग, दालचिनी आणि भारतीय कापड यांचे लिलाव शहरात होत. मराठी वाचकाला या कंपनीचा एक दुवा घराजवळच सापडतो: गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करण्यासाठी डच आरमार येऊ लागले, त्या काळात, १६३७ मध्ये, कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली, आणि तेथील डच अधिकाऱ्यांनी बटाव्हिया या कंपनीच्या आशियातील मुख्य ठाण्याला व मायदेशी पाठवलेली पत्रे शिवकालाच्या इतिहासाची महत्त्वाची साधने ठरली आहेत. वेंगुर्ल्यातील डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. या संपत्तीचा दुसरा उगम अधिक क्रूर होता. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही मळ्यांची वसाहत चालवणाऱ्या संस्थेत आम्स्टरडॅम शहराचा स्वतःचा एक तृतीयांश वाटा होता आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. हेरेनग्राख्तवरील ५०२ क्रमांकाचे घर, जे आता महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे, ते याच व्यापारात गुंतलेल्या पाउलस खोडिन याच्यासाठी बांधले गेले होते. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. देखण्या दर्शनी भिंतींसमोर उभे राहताना हे सांगितले गेलेच पाहिजे.

खोल भूखंडाच्या याच रचनेतून विसाव्या शतकातील एका घटनेची जागा तयार झाली होती. घर फार खोल असले की मधल्या भागात उजेड पोहोचत नाही, म्हणून पुढचे घर, मग लहानसे अंगण किंवा प्रकाशमार्ग, आणि त्यामागे दुसरे घर, अशी बांधणी प्रचलित झाली. मागच्या घराचा रस्त्यावरून थांगही लागत नाही. प्रिन्सेनग्राख्त २६३ हे १६३५ चे घर असेच आहे, आणि त्याच्या मागच्या भागात जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत ॲन फ्रँक, तिचे कुटुंबीय आणि इतर चौघे, असे आठ ज्यू नात्सींपासून लपून राहिले. पकडले गेल्यावर त्यांपैकी फक्त ॲनचे वडील ओटो फ्रँक जिवंत परतले. युद्धापूर्वी शहरात सुमारे ८०,००० ज्यू होते आणि त्यांतील बहुसंख्य मारले गेले, हे लक्षात ठेवून या घराकडे पाहावे लागते. १९५०च्या दशकात ही इमारत पाडण्याचे घाटत होते. नागरिकांनी ती वाचवली आणि १९६० मध्ये तेथे संग्रहालय झाले. प्रवेशपत्रिका संकेतस्थळावरूनच आणि बऱ्याच आधी घ्याव्या लागतात, त्यामुळे थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याने प्रवासाची आखणी या घरापासून सुरू करावी. जवळच्या वेस्टर चर्चमध्ये १६६९ मध्ये रेम्ब्रांटला पुरले गेले. त्याची कबर नेमकी कोठे होती, ते आता कळत नाही.

कालवे जे आज दिसतात, ते सर्व मूळचे नाहीत आणि मूळचे होते ते सर्व उरलेले नाहीत. रेल्वे आल्यावर आणि रोगराईची भीती वाढल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कालवे बुजवून रस्ते करण्यात आले. राजवाड्यामागचा नियवेझेड्स फोरबुर्खवाल १८८४ मध्ये, योर्दानमधला रोझेनग्राख्त १८८९ मध्ये बुजला. ज्या रस्त्याच्या नावात ग्राख्त आहे पण पाणी नाही, तेथे पायाखाली कालवा आहे असे समजावे. १९५४ मध्ये शहराच्या पोलीसप्रमुखांनी वाहतुकीसाठी आणखी कालवे बुजवण्याची योजना मांडली, तेव्हा मोठा विरोध होऊन ती बारगळली; ती मान्य झाली असती, तर आजचे हे शहर पाहायला मिळाले नसते.

नौकाफेरी अवश्य करावी, कारण घरांचे प्रमाण, पुलांच्या कमानी आणि धक्क्याच्या भिंती पाण्याच्या उंचीवरूनच नीट समजतात. पण त्यानंतर तोच मार्ग काठाकाठाने पायी चालावा. दोन्ही काठांवरील एल्म वृक्षांच्या रांगा हा नंतर आलेला शृंगार नाही. कालवे खणले गेले तेव्हापासून धक्क्यांवर झाडे लावण्याची पद्धत आहे आणि सतराव्या शतकातील परदेशी प्रवाशांनीही तिचे कौतुक केले होते. काठाला बांधलेल्या निवासी नौका दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत वाढल्या, आणि त्यांची संख्या आता अडीच हजारांच्या आसपास आहे.

चालताना मधूनच कालव्याच्या पाण्यात पोलादी पत्रे रोवलेले, भिंतीला वाळूच्या थैल्या टेकवलेले किंवा पुलाखाली टेकू दिलेले दिसतात. शहरात सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या धक्क्याच्या भिंती जुन्या पद्धतीने लाकडी खांबांवर उभ्या आहेत, आणि त्या हातगाड्या व घोडागाड्यांच्या वजनासाठी बांधल्या होत्या. मालमोटारी, कचरागाड्या आणि काँक्रीट वाहून नेणारी वाहने त्यांवरून अनेक दशके गेल्याने खांब वाकले, मोडले, कोठे प्रवाहाने त्यांच्याभोवतालची माती वाहून नेली. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्खवाल कालव्याची भिंत एकाएकी पाण्यात कोसळली, तेव्हा हा धोका सर्वांच्या लक्षात आला. भिंती एकेक करून उकलून नव्या पायावर, पण जुन्याच विटांच्या रूपात पुन्हा बांधण्याचे काम अनेक दशके चालणार आहे. दरम्यान मध्यवर्ती भागात जड वाहनांवर वजनाची मर्यादा घालण्यात आली आहे, आणि बांधकामाचे साहित्य, उपाहारगृहांचा माल व कचरा रस्त्याऐवजी विजेवर चालणाऱ्या नौकांतून नेण्यास नगरपालिका उत्तेजन देत आहे. त्यामुळे सकाळी लवकर काठावर आलेल्या प्रवाशाला पर्यटकांच्या नौका सुटण्याआधी मालवाहू तराफे याच कालव्यांतून जाताना दिसतात.